बोनसाय : आधी झाड, मग कुंडी



दुपारची कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी वाती वळत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज मी बोलणार आहे बोनसायच्या कुंडीबद्दल. आणि त्या कुंडीपायी आमच्या एका गटाच्या चार महिन्यांच्या बचतीचं काय झालं, त्याबद्दल. चूक माझी होती, म्हणून सांगायलाही मीच आले आहे.

मी आमच्या भागातल्या बचत गटांची समन्वयक. पाच वर्षांमागे शहरातल्या एका प्रदर्शनात आमच्या गटाचा पापड-चटणीचा गाळा होता. शेजारच्या गाळ्यावर वडाची झाडं मांडलेली. हातभर उंची, जाड खोड, पारंब्या सुटलेल्या, आणि खाली चकचकीत निळ्या, तपकिरी कुंड्या. किंमत हजारांत. लोक थांबून बघत होते आणि घेतही होते. माझ्या मनात आलं, वड, पिंपळ, उंबर तर आपल्याकडे भिंतीतून फुकट उगवतात. मग हे आपल्याला का जमू नये?

परत आल्यावर गटाच्या बैठकीत विषय मांडला. बारा जणींचा गट, महिना शंभर रुपये बचत. म्हणजे महिन्याला जमणार १,२०० रुपये. माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि ठराव झाला. मी शहरातल्या एका दुकानातून चिनी मातीच्या बारा उथळ कुंड्या आणल्या, चारशेला एक. झाले ४,८०० रुपये. चार महिन्यांची बचत गेली कुंड्यांत. त्यांत रोपवाटिकेतली पेन्सिलीएवढ्या खोडाची रोपं लावली. दिसायला इतकी छान दिसत होती की आम्ही त्यांच्याबरोबर फोटोसुद्धा काढले!

पुढे काय झालं ऐका. परतीचा पाऊस जोरात आला. कुंडीला तळाशी करंगळी जाईल एवढं एकच भोक. चार झाडांची मुळं कुजली. मग उन्हाळा लागला. कुंडीत माती ती केवढी, ओंजळभर. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. सगळ्या जणी रोजगाराला गेलेल्या, दुपारी पाणी घालणार कोण? आणखी तीन झाडं वाळली. उरली पाच. त्यांचंही खोड वर्षानंतर होतं तेवढंच, पेन्सिलीएवढं. त्याला कोण विकत घेणार?

बैठकीत एक ताई म्हणाली, "मॅडम, तुमचे शंभर रुपये आणि आमचे शंभर रुपये सारखे नसतात. आमचे खुरप्याचे आहेत." तिने पुढच्या महिन्याची बचत द्यायला नकार दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी आहे, तसंच इतिवृत्तात लिहा. लिहिलं गेलं.

त्या बैठकीत आमच्या गटातली सगळ्यांत वडीलधारी मावशी गप्प बसून होती. बैठक संपल्यावर म्हणाली, "माझ्या घरी चल जरा." तिच्या अंगणात पाण्याच्या रांजणाशेजारी एक फुटकं घमेलं होतं आणि त्यात वडाचं झाड. तीन पावसाळ्यांमागे घराच्या भिंतीतून उपटलेलं रोप तिने त्यात लावलं होतं. घमेलं टाकवेना म्हणून, दुसरं कारण नाही. रांजणाचं सांडलेलं पाणी त्याला मिळायचं. शेळी येता-जाता शेंडे खायची, म्हणून झाड उंच न होता खाली फांद्यांनी भरलं होतं. आणि खोड? दोन अंगठे जोडून धरले तर जेवढे होतील, तेवढं!

मी बघतच राहिले. मावशी म्हणाली, "अगं, वाढत्या पोराला कुणी मापाचा सदरा शिवतं का? ढगळच शिवायचा. मापाचा शिवायचा तो लग्नात."

मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या भाषणाचं सार या एका वाक्यात आहे. बोनसाय हा शब्द जपानी. त्यातल्या 'बोन'चा अर्थ ताटासारखं उथळ भांडं आणि 'साय'चा अर्थ लागवड. त्यामुळे आपल्याला वाटतं, उथळ कुंडी आणली की बोनसाय सुरू. तसं नाही. उथळ कुंडी हा लग्नातला सदरा आहे. तो शेवटी घालायचा. खोड जाड होईपर्यंत झाडाला मोठं, साधं, स्वस्त भांडं हवं. मुळं पसरली तर पानं वाढतात, पानं वाढली तर खोड भरतं. मुळंच कोंडली तर झाड जगेल कदाचित, पण भरणार नाही.

आता उथळ भांड्यात मुळं का कुजतात, तेही समजून घेऊ. भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवा आणि न पिळता आडवा धरा. पाणी ठिबकेल आणि थांबेल. थांबलं की तोच स्पंज उभा करा. बघा, पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, पाणीही तेच. आडवा असताना जे पाणी धरून ठेवलं होतं, ते उभा केल्यावर सोडलं. मातीचंही असंच आहे. भांडं कितीही खोल असो, तळाची एक-दोन बोटं माती पाण्याने गच्च राहते. हातभर खोल डब्यात एक-दोन बोटांनी काही बिघडत नाही. पण भांडंच तीन बोटं खोल असेल, तर मुळं सगळी चिखलातच बसली म्हणा. म्हणून उथळ भांड्याला भोकं जास्त हवीत आणि माती भरड हवी.

तळाला खडे घातले की काम झालं, असं पुष्कळ जणी समजतात. खड्यांनी ती गच्च ओल जात नाही, खड्यांच्या वर सरकते. त्यापेक्षा भोकावर प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा ठेवा आणि सगळं भांडं भरड मातीने भरा.

आता भांडं कसं निवडायचं? पाच गोष्टी सांगते, बोटांवर मोजा.

पहिली गोष्ट, भोकं. फूटभर भांड्याला बोट जाईल अशी निदान तीन-चार भोकं हवीत. भोकांतून पाणी जातं, आणि त्यांतूनच तार ओवून झाड भांड्याला बांधता येतं. नवं लावलेलं झाड वाऱ्याने हललं तर कोवळी मुळं तुटतात, म्हणून बांधायचं.

दुसरी गोष्ट, तोंड. तोंड पोटापेक्षा रुंद हवं. मडकं, कळशी, हंडा यांत झाड लावू नका. दोन वर्षांनी मुळं छाटायला झाड बाहेर काढायचं झालं तर मडकं तरी फोडावं लागेल, नाहीतर झाड तरी मोडेल.

तिसरी गोष्ट, तळ. भांडं जमिनीला चिकटून ठेवू नका, भोकं बुजतात. खाली विटेचे तीन तुकडे ठेवा.

चौथी गोष्ट, ऊन. काळं प्लास्टिक आणि पत्रा आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चटके बसतील एवढा तापतो. कडेची मुळं भाजतात. अशा भांड्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, किंवा बाहेरून चुना मारा.

पाचवी गोष्ट, आधी त्यात काय होतं? कीटकनाशकाचा, तणनाशकाचा डबा कितीही मजबूत असो, घेऊ नका. धुऊनही नको. झाडाचं राहू द्या, तुमचे हात आणि अंगणातली पोरं महत्त्वाची.

आता एकेक भांडं बघू. यातलं बरंचसं तुमच्या माळ्यावर किंवा गोठ्यामागे पडलेलं असेल.

घमेलं. बांधकामावरचं चिरलेलं घमेलं भंगारात स्वस्तात मिळतं. रुंद, खोली बेताची, तोंड मोठं. वाढत्या झाडाला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. प्लास्टिकचं असेल तर खिळा तापवून भोकं पाडता येतात. ते काम उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा. तो आडवा पाडून मधोमध उभा चिरला की दोन ट्रे होतात. फूटभराहून थोडे लांब, पाऊण फूट रुंद, चार-साडेचार इंच खोल. कापलेली कड हात कापते, म्हणून ती पकडीने आत दुमडून घ्या. चार-पाच वर्षांत गंज खाईल, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं.

भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी. हसू नका! बोनसायवाले मुद्दाम चाळणी वापरतात. मूळ भोकाशी आलं, हवा लागली की त्याचा शेंडा सुकतो आणि मागून चार नवी बारीक मुळं फुटतात. बोनसायला अशीच बारीक, दाट मुळं हवीत. साध्या कुंडीत मूळ कडेने गोल गोल फिरत राहतं. टोमॅटोचं मोडकं क्रेटही चालतं, आतून शेडनेटचा तुकडा लावा म्हणजे माती सांडणार नाही. एक लक्षात ठेवा, चाळणीतली माती लवकर सुकते. उन्हाळ्यात ती सावलीला हलवा.

थर्मोकोलचं खोकं. मासळी बाजारात मिळतं. वजनाला हलकं, उन्हात तापत नाही. दोनेक वर्षं टिकतं, पुढे त्याचा भुगा व्हायला लागतो. तो शेतात जाऊ देऊ नका.

मातीची परळ. पाखरांना पाणी ठेवतो ती. माती श्वास घेते, मुळं थंड राहतात. कुंभारदादांना आधी सांगितलं तर ओल्या मातीतच भोकं पाडून देतात आणि बुडाला तीन पायही लावतात. भाजलेल्या परळीला भोक पाडायचं असेल तर ती रात्रभर पाण्यात भिजवा आणि हळूहळू ड्रिलने पाडा. हातोडी मारलीत तर तुकडेच गोळा कराल.

सिमेंटची कुंडी. ही घरी करता येते. एक घमेलं पालथं घाला, त्यावर प्लास्टिकचा कागद पसरा. एक भाग सिमेंट, दोन-तीन भाग चाळलेली वाळू, पाणी बेताचं. आधी एक पातळ थर, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी, वर आणखी एक थर. भोकांच्या जागी तेल लावलेल्या काड्या खोचा. दुसऱ्या दिवशी काड्या काढा आणि आठ दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मग आठवडाभर पाण्यात बुडवून रोज पाणी बदला, कारण नव्या सिमेंटमधला चुना मुळांना मानवत नाही. आणि हातावर प्लास्टिकची पिशवी चढवूनच सिमेंट कालवा, कातडी फाटते.

शेवटी, फरशीचा तुकडा. शहाबादी किंवा कडप्प्याचा उरलेला तुकडा फरशीवाल्याकडे पडलेला असतो. त्याला दोन भोकं पाडून घ्यायची, तारेने झाड बांधायचं आणि भोवती चिकणमातीची बोटभर उंच भिंत करून आत माती भरायची. झाड कड्यावर उगवल्यासारखं दिसतं. पण हे तयार झाडाला, कोवळ्या रोपाला नाही.

माती कशी घ्यायची, थोडक्यात सांगते. आपली काळी माती यात नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगा पडतात. विटांचा चुरा करा, चाळून धूळ काढून टाका, तुरीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. असे दोन भाग तुकडे, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग तांबडी माती. भांडं भरलं की वरून तांब्याभर पाणी ओता आणि दहापर्यंत मोजा. तेवढ्यात खालून पाणी यायला लागलं आणि वर तळं साचलं नाही, तर जमलं.

रोपांसाठीही पैसे घालू नका. भिंतीतून, विहिरीच्या कठड्यातून निघालेलं वडाचं, उंबराचं रोप मुळासकट काढता येतं. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यातली अंगठ्याएवढी फांदी, पानं कमी करून, मातीत खोचली तर पावसाच्या हवेत बहुतेक मूळ धरते. मात्र त्यासाठी उभ्या वडाची फांदी तोडायची नाही. वडाला नमस्कार करायचा आणि त्यालाच कोयता लावायचा, हे काही बरं नाही.

मग लग्नातला सदरा कधी? खोड मनाजोगं जाड झालं की. तेही एकदम नाही. बादलीतून घमेल्यात, घमेल्यातून ट्रेमध्ये, ट्रेमधून कुंडीत. दर दोन-तीन वर्षांनी पाऊस लागताना झाड काढायचं, तिसरा हिस्सा मुळं छाटायची, थोड्या उथळ भांड्यात लावायचं. शेवटच्या कुंडीचं ढोबळ माप असं, की खोड बुंध्याशी जेवढं जाड, तेवढी कुंडी खोल. आणि झाडाची उंची जेवढी, त्याच्या दोन तृतीयांश कुंडीची लांबी. म्हणजे दीड फुटाचं झाड असेल तर फूटभर लांब कुंडी. आपल्याकडच्या उन्हामुळे मी खोली एखादं बोट जास्त धरते.

आता पैशाचं स्पष्ट बोलते, कारण मागे मी तेच बोलले नव्हते. बोनसाय म्हणजे कोंबडी नव्हे, सहा महिन्यांत अंडं देणार नाही. तीन-चार वर्षं लागतात. म्हणून यासाठी गटातून कर्ज घेऊ नका, बँकेतून तर नकोच. पापड, शेळी, शिवणकाम चालू ठेवा. अंगणात कडेला चार घमेली राहू द्या. एका झाडाला भांडं, तार, जाळी धरून शंभर रुपयांच्या आत भागतं. झाड मेलं तरी घर बसत नाही.

आमच्या गटाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. उरलेली पाच झाडं आम्ही त्या देखण्या कुंड्यांतून काढली आणि घमेल्यांत, डब्यांत लावली. कुंड्या धुऊन, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. तीन पावसाळे गेले. त्यातली तीन झाडं गेल्या जूनमध्ये तयार झाली. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीकडून कुंड्यांना जास्तीची भोकं पाडून घेतली आणि त्याच कुंड्यांत झाडं लावली. कुंड्या वाईट नव्हत्याच, मी त्या घाईने आणल्या होत्या. हिवाळ्यातल्या प्रदर्शनात दोन झाडं दीड-दीड हजाराला गेली. तीन हजार रुपये गटाच्या खात्यात जमा झाले. म्हणजे माझ्या चुकीचे अजून अठराशे यायचे आहेत. आमच्या दप्तरात तो हिशोब उघडा आहे आणि तो ठेवते कोण? बचत द्यायला नकार देणारी तीच ताई. दर बैठकीला वाचून दाखवते, आणि मी मान खाली घालून ऐकते.

मावशीच्या झाडालाही गिऱ्हाईक आलं होतं. तिने विकलं नाही. म्हणाली, "नातू जन्मला त्या पावसाळ्यात लावलंय." ते अजून त्याच फुटक्या घमेल्यात आहे, रांजणाशेजारी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं एक टाकाऊ भांडं घेऊन या. पाच गोष्टी लावून बघा. भोकं, तोंड, तळ, ऊन, आणि आधी त्यात काय होतं. पास झालं तर त्यात झाड लावा, नापास झालं तर भंगारात द्या. कुंडी विकत आणायची घाई करू नका. आधी झाड, मग कुंडी.